नणंदेच्या नणंदेची मुलगी

अमळनेरच्या नूतन देवरेला माणूस भेटलं, की पहिल्या मिनिटाला त्याचं गाव, दुसऱ्या मिनिटाला मामाकुळ आणि पाचव्या मिनिटाला त्याच्याशी आपलं काहीतरी नातं हवंच असे. दोष तिच्या एकटीचा नाही. आमच्याकडे स्टँडवर शेजारी बसलेली बाईसुद्धा 'कोनी शे व तू?', म्हणजे कोणाची तू, हे विचारल्याशिवाय आपली पिशवी सांभाळायला देत नाही. नातं निघालं की तिचा जीव भांड्यात पडतो. फरक इतकाच, की ती बाई शिरपूरची गाडी पकडून घरी जाते. आणि नूतनचं काम होतं समुपदेशनाचं, तेही ऑनलाइन, तेही चौदा-पंधरा-सोळाच्या मुलामुलींचं. त्यांना नेमकी हीच चौकशी नको असते.

अकरा वर्षं कॉलेजात तासिकांवर मानसशास्त्र शिकवून कंटाळल्यावर तिने पुण्याच्या एका संस्थेचं हे काम घेतलं होतं. घरातल्या मागच्या खोलीत लॅपटॉप, दाराला कडी, नवऱ्याला आणि सासूला सक्त ताकीद. इतर समुपदेशकांकडची मुलं दोन-तीन वेळा बोलून गायब व्हायची, नूतनची टिकायची. याचा तिला अभिमान होता. वरकरणी ती 'छे हो, माझं काय त्यात' म्हणे, पण आतून चांगलीच फुगलेली असे.

भूमिका तिच्याकडे ऑगस्टमध्ये आली. शिंदखेड्याची, अकरावी सायन्स. कॅमेरा बंद. पहिले दोन गुरुवार तिच्याकडून 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' याखेरीज चौथा शब्द निघाला नाही. तिसऱ्या गुरुवारी नूतनने पुस्तकी मराठी बाजूला ठेवली आणि विचारलं, "काय व माय, जेवनी का?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "ताई, तुम्हाले अहिरानी येस?"

मग काय, गाडी सुटली. गाव निघालं, आईचं माहेर निघालं, दुधाचा टँकर चालवणारे गिरधरमामा निघाले. नूतनच्या डोक्यात धागे भराभर जुळले. गिरधर म्हणजे तिच्या नणंदेचा, लताबाईचा दीर. म्हणजे ही गिरधरच्या बहिणीची, प्रमिलाबाईची पोर. नणंदेच्या नणंदेची मुलगी! आनंदाच्या भरात तिने ते बोलूनही टाकलं.

भूमिकाने लगेच विचारलं, "मग तुम्ही घरी सांगशात?"

"नही व. तुझ्या जिवाला धोका असेल तरच मोठ्यांना सांगावं लागतं, तेही तुला विचारून. एरवी या तोंडातून एक शब्द जाणार नाही."

ओळख निघाली की मुलाला दुसऱ्या समुपदेशकाकडे सोपवायचं, असा संस्थेचा नियम होता. नूतनला तो पाठ होता. पण इतकी बंद पोर आपल्यापाशी उघडते आहे आणि ती आता दुसऱ्या कोणाला द्यायची, हे तिच्याने होईना. तिने ओळखीचं कळवलंच नाही.

पाचव्या गुरुवारी भूमिकाने आपणहून कॅमेरा लावला. काही न बोलता ओढणी सारली आणि मान वळवली. उजव्या कानामागे रुपयापेक्षा मोठी जागा पार गुळगुळीत होती. अभ्यासाला बसलं की हात आपोआप तिकडे जायचा आणि एकेक केस उपटायचा. थांबवावं म्हटलं तरी थांबत नसे. हे फक्त तिच्या मैत्रिणीला, कामिनीला माहीत होतं. कामिनी वर्गात मुद्दाम तिच्या उजव्या बाजूला बसायची.

दिवाळीपर्यंत तिथे बारीक लव दिसू लागली होती. नूतनने शिकवल्याप्रमाणे भूमिका वाचताना हातात चिंचोके खेळवायची. सगळं छान चाललं होतं आणि डिसेंबरात लताबाईच्या शेतात भरीत पार्टी निघाली.

कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी बायका गोल बसून सोलत होत्या. नूतनच्या शेजारी प्रमिलाबाई. बोलता बोलता त्यांनी लेकीचं गाऱ्हाणं काढलं. "पोरले शिंगं फुटनात. डोक्याले तेल लावू देत नही. माय का दुश्मन शे?"

नूतनच्या पोटात काही राहिलं नाही. "अक्का, रागावू नका तिला. त्या जागेवर केस येताहेत आता."

प्रमिलाबाईंचा हात थांबला. "कोनती जागा?"

इथे तरी तिला थांबता आलं असतं. काहीतरी थाप मारून वांग्यांवर विषय नेता आला असता. पण नूतनने सांगितलं. हळू आवाजात, समजुतीने, पोरीच्या भल्यासाठी म्हणून सगळं सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, जे आईला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, याची तिला त्या क्षणी गोडी वाटली. पुढे कितीतरी दिवस तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच गोडीची.

उठताना तिने प्रमिलाबाईंचा हात धरला. "माझं नाव घेऊ नका हं." आपण शेण खाल्लं आहे हे तिला तेव्हाच कळलं होतं, नाहीतर हे बोलायची गरज काय होती?

पुढच्या गुरुवारी भूमिकाचा कॅमेरा बंद होता. आईने आजीसमोर आणि काकूंसमोर ओढणी ओढून काढली होती. आजी रडली. काकूने विचारलं, 'आता हिले कोन करी?', म्हणजे हिच्याशी लग्न कोण करणार. कोणी सांगितलं, हे आई काही केल्या सांगत नव्हती.

"ताई, तुम्ही तर नही ना?"

"नाही गं," नूतन म्हणाली. इतक्या चटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मंग कामिनीच. दुसरं कोनले माहीतच नही."

भूमिकाने बाक बदलला. कामिनी एसटीत शेजारी येऊन बसली तर ही उठून उभी राहिली. कामिनी शपथा घेत रडली, तरी हिने तोंड फिरवलं. हे सगळं सांगून भूमिका म्हणाली, "आता फक्त तुम्हीच राह्यनात, ताई."

त्या संध्याकाळी नूतन अर्ध्या ताटावरून उठली. सासूने विचारलं तर डोकं दुखतं म्हणाली. आणखी एक गुरुवार तसाच गेला. भूमिकाने चिंचोके फेकून दिले होते. नूतन तिला धीर देत होती आणि स्वतःचा आवाज ऐकून तिला शिसारी येत होती. एका सोळा वर्षांच्या पोरीची एकुलती एक मैत्रीण आपण तोडली, आणि वर तिचीच समजूत काढतो आहोत!

तिसऱ्या गुरुवारी तिने सांगून टाकलं. "भूमिका, कामिनीने नाही सांगितलं. मी सांगितलं. आणि तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले." चांगला हेतू, आईची काळजी, असली वाक्यं तिने तयार ठेवली होती. तोंड उघडलं तेव्हा ती सगळी इतकी केविलवाणी वाटली, की तिने ती गिळून टाकली.

 

"मी कामिनीले काय सांगू?" भूमिकाने विचारलं.

नूतन काही सुचवणार, तोच भूमिका म्हणाली,

"तुम्हीच सांगा तिले. मी तिले कॉलवर जोडस."

आणि तिने खरंच जोडलं. नूतन देवरे, एम. ए. मानसशास्त्र, वय एकेचाळीस, एका अनोळखी मुलीसमोर हात जोडून म्हणाली, "कामिनी, तुझी काही चूक नव्हती. शब्द मी मोडला. तू मोडला नाहीस."

कामिनी तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. ती भूमिकाशी बोलली. "इतला दिन तुनी मन्हावर इस्वास ठेवा नही व!" आणि दोघी एकदम रडायला लागल्या. नूतन तिथे आहे हे त्या विसरूनच गेल्या होत्या. मग भूमिकाला आठवलं असावं. "ताई, तुम्ही निंघा आते," ती म्हणाली. रागाने नाही, पाहुण्याला सांगावं तसं. नूतन निघाली.

त्याच दिवशी तिने संस्थेला सगळं लिहून कळवलं. तिचं काम दोन महिन्यांसाठी थांबवलं गेलं. संस्थेतल्या वरिष्ठ बाई भूमिकाशी स्वतः बोलल्या, माफी मागितली, दुसरा समुपदेशक देऊ म्हणाल्या. भूमिका बोलायला तयार आहे, हे त्यांनीच नूतनला फोनवर सांगितलं. नूतनला केवढं तरी हायसं वाटलं. "कोण हवं म्हणाली?" तिने विचारलं.

बाई म्हणाल्या, "कोणीही चालेल म्हणाली. फक्त 'आमच्याकडची, अहिराणी बोलणारी नको' म्हणाली."