खिळा न धरणारी भिंत

क्लोद्युस पेराशोंच्या घरात एकतीस वर्षांत एकही चित्र लागलं नाही, आणि घर तर चित्रकाराचं. क्रुआ-रूसच्या टेकडीवरची ती खोली पूर्वी विणकराची होती. माग मावावा म्हणून छत दोन पुरुष उंच, आणि भिंती मोकळ्या, लांबच लांब. पण त्यानं पहिलं चित्र पुरं करून हातोडा हातात घेतला, तेव्हाच त्याची बायको बनुआत म्हणाली होती, की मागाच्या हादऱ्यांनी भिंत आतून भुसभुशीत झालीय, खिळा धरायची नाही. पोस्टमन वर्षाअखेरीला देतो ते कॅलेंडरसुद्धा ती खिडकीच्या कडीला अडकवायची. क्लोद्युसनं कधी खिळा ठोकून पाहिला नाही. आठवडाभर रेशमाच्या पेढीत मान मोडून काम केल्यावर बायकोचा शब्द पडताळून पाहण्याची हौस कुणाला उरते?

त्या पेढीत तो चौदाव्या वर्षी चिकटला. काम एकच, चौकटींच्या कागदावर फुलं रंगवायची आणि तीच नक्षी पुढे मागावर कापडाच्या अख्ख्या ठाणभर पुन्हा पुन्हा उमटायची. नक्षीच्या खोलीचा प्रमुख, म्हातारा बेर्तोला, नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम भरायचा, की इथं फुलाला शेवट नसतो. उजव्या कडेनं जे पान बाहेर जातं, ते डाव्या कडेनं आत आलंच पाहिजे, वरून एक वीत सोडून. खाली देठ, चार बोटांवर. जुळलं नाही तर ठाण वाया आणि तू घरी. क्लोद्युस घरी गेला नाही. पंचेचाळीस वर्षं त्याची पानं बाहेर जात राहिली आणि आत येत राहिली, आणि मग नकली रेशमाचे दिवस आले, पेढीनंच दार लावलं.

रविवार मात्र त्याचा स्वतःचा. चर्चमधली प्रार्थना आटोपली की खिडकीपाशी टेबल ओढायचं, तपकिरी मातीच्या भांड्यात बाजारातली फुलं ठेवायची आणि तैलरंग काढायचे. वसंतात अ‍ॅनिमोन, मग पिओनी, शरदात डेलिया. दरवर्षी त्यातलं एक चित्र टेकडीवरच्या चित्रकार मंडळाच्या प्रदर्शनाला जायचं. बहुतेक वेळा ते घेतलं जायचं आणि नेमानं जिन्याच्या वळणावर लागायचं. खाली मोठ्या दालनात कधी नाही. मंडळाचे चिटणीस मस्यू गोनों एकदा कौतुकानं म्हणाले होते, की याचे पडदे शिवले तर काय बहार येईल. सगळे हसले, क्लोद्युसही हसला, आणि ते बोलणं त्याच्या मनात वर्षानुवर्षं सलत राहिलं. हा मत्सर आहे अशी त्यानं समजूत करून घेतली.

गेल्या हिवाळ्यात माळा गळला. दोघांनी वरची सगळी चित्रं धापा टाकत खाली आणली आणि सुकायला भिंतीशी ओळीनं उभी केली. आकार सगळ्यांचा एकच, त्यामुळे ती एकमेकांना खेटून छान बसली. क्लोद्युस खुर्चीत टेकला, त्यानं सहज नजर टाकली आणि तो पुन्हा उठून जवळ गेला. युद्धाआधीच्या एका पिओनीचं पान चौकट ओलांडून थेट युद्धानंतरच्या डेलियात शिरलं होतं. डेलियाचा देठ पुढच्या अ‍ॅनिमोनला. वरून एक वीत, खालून चार बोटं. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे म्हणून तुटलेलं नव्हतं. त्याच्या सगळ्या रविवारांचं मिळून एक ठाण झालं होतं.

बनुआत फडक्यानं चौकटी पुसत होती. तीही त्याच पेढीतली. विणून आलेलं कापड उजेडासमोर धरून चुका शोधणं हे तिचं जन्माचं काम.

"तुला हे माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"पहिल्याच चित्रात दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

ती पुसतच राहिली. "तुझा सहा दिवस चेहरा पडलेला असायचा," ती म्हणाली. "रविवारी नसायचा. आता तेवढंही काढून घेऊ?"

त्याला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला, पायऱ्या चढून आल्यावर येतो तसा, पण तो बसल्यानं जाणारा नव्हता. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला कळतं की आपण चित्र म्हणून जे काढलं ते कापड होतं, तेव्हा त्यानं करायचं तरी काय? रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, की एक तरी चित्र असं काढीन जे जुळणार नाही. एक काढीन आणि ब्रश धुऊन ठेवीन.

बोलायला सोपं होतं. मे महिन्यात पिओनी आल्या आणि हात आपल्या वाटेनं गेला. त्यानं चौकटीवर वेगळ्या आकाराचा कॅनव्हास ताणला, भांडं कोपऱ्यात सरकवलं, उभं राहून काढून पाहिलं. चित्र झालं की बनुआत यायची, एक बोट डाव्या कडेवर, एक उजव्या कडेवर ठेवायची आणि मान हलवायची.

"जुळतंय रे."

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिनं मान हलवण्याआधीच त्यानं तोंड फिरवलं.

जूनमध्ये गुडघा सुजला आणि तो आठवडाभर पडून राहिला. भांड्यातल्या फुलांकडे कुणी पाहिलं नाही. पाण्याला वास सुटला, पिओनींनी माना टाकल्या, पाकळ्यांचा टेबलावर सडा पडला. आठव्या दिवशी दुपारी तो उठून खुर्चीत बसला. नवी फुलं आणायला बाजारात जायचं बळ नव्हतं, म्हणून समोर होतं तेच काढायला घेतलं. पूर्वी त्यानं रिकाम्या जागी एखादं पान घातलं असतं, देठ कडेपर्यंत लांबवला असता. आता नसलेलं पान रचायचं त्राणच हातात नव्हतं. जिथं फूल नव्हतं तिथं त्यानं नुसतं टेबल काढलं. डावीकडे टेबल, उजवीकडे टेबल आणि मध्ये तो मान टाकलेला गुच्छ.

बनुआत आली. तिनं डाव्या कडेवर बोट ठेवलं, उजव्या कडेवर ठेवलं. मग दोन्ही बोटं उचलून पुन्हा ठेवली. जुळायला तिथं काही नव्हतंच. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सप्टेंबरात त्यानं ते चित्र मंडळात पोचवलं. या वेळी तरी खालचं दालन, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आयुष्यात त्यानं एवढी एकच आशा स्वतःशी कबूल केली असेल. पंधरा दिवसांनी 'चित्र परत न्यावे' असं छापील पत्र आलं.

आणायला गेला तेव्हा मस्यू गोनोंनी त्याला आदरानं खुर्ची दिली. परीक्षकांचा नाइलाज झाला म्हणाले. "काय झालं मस्यू पेराशों, तब्येत बरी नाही का? तुमचा गुच्छ बघायला लोक जिन्यात थांबायचे हो. कसा भरगच्च असायचा! आणि हे..." ते शब्द शोधू लागले. "हे मध्येच संपतं."

"हो," क्लोद्युस म्हणाला. "संपतं."

लोक थांबायचे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आवडायचं ते कापडच होतं, आणि आता ते कापड काढणंही त्याच्याच्यानं होणार नव्हतं. चित्र काखेत मारून तो निघाला. गुडघा प्रत्येक पायरीला जाब विचारत होता. आपल्या घराच्या जिन्यात तो तीनदा बसला.

बनुआतनं दार उघडलं, काखेतलं चित्र पाहिलं आणि ती बाजूला झाली. टेबलावर ब्रेड आणि लसूण घातलेलं ताजं पांढरं चीज मांडलेलं होतं. त्यानं चित्र भिंतीकडे तोंड करून उभं केलं, बूटही न काढता खुर्चीत बसला आणि म्हणाला, की उद्या सवड झाली की हे माळ्यावर नेऊन टाकू, बाकीच्यांबरोबर.

ती खणातून हातोडा घेऊन आली. हा तोच एकतीस वर्षांपूर्वीचा हातोडा. ओठांत एक खिळा धरून ती स्टुलावर चढली. जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीत, तो बसतो तिथून नजरेच्या रेषेत, तिनं चार ठोके घातले. चुना झडला नाही. खिळा सरळ आत गेला आणि घट्ट बसला. तिनं चित्र उचललं, अडकवलं, थोडं डावीकडे केलं.

क्लोद्युस कधी खिळ्याकडे बघत होता, कधी तिच्याकडे.

"बनुआत, भिंत?"

"भिंतीला काय धाड भरलीय," ती खाली उतरत म्हणाली. "पेढीत दहा दहा तास कापड बघायचे मी, क्लोद्युस. घरी आल्यावर पुन्हा कापड बघायचं नव्हतं मला."

तिनं हातोडा खणात ठेवला, खुर्ची त्याच्या शेजारी ओढली आणि चित्राकडे तोंड करून बसली. ब्रेड कापून तिनं त्याच्यापुढे ठेवला. तो खात नाही असं पाहून त्यावर चीजही लावून दिलं.