वाळूनं खाल्लेला वस्तरा
परवा नातवानं फाटकाचा गंज वाळूच्या फवाऱ्यानं काढला, आणि त्या तापल्या लोखंडाच्या वासानं मला आमच्या गावचा म्हातारा न्हावी आठवला. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या एका कारखान्यात मी हेच काम करायचो. पावसाळ्यात गंजलेला आपला एकुलता वस्तरा त्यानं मला दाखवला, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, “द्या इकडे, नवा करून आणतो.” आणला तेव्हा गंज गेला होता, पण वाळूनं धारही खाल्ली होती. त्यानं कितीदा दगडावर लावला, धार बसेना. मी मात्र हेका सोडला नाय, वस्तरा चांगलाच आहे म्हणालो. पुढं बाप वारला. दहाव्याला नदीवर डोकं करायला बसलो, तर न्हावी हळूच म्हणाला, “पोरा, शेणवे गावाहून दुसरा मागवतो रे, ह्यो कापील.” मी म्हणालो, “हाच चालवा.” वस्तरा फिरला तसं रक्त कानामागून ओघळलं. भावकी त्याच्यावर ओरडली, “हात थरथरतोय तर वस्तरा धरतोस कशाला रे?” तो खाली बघून बोलला, “होय बाबा, वय झालं माझं.” धार मीच घालवली, हे मी भावकीला सांगितलं नाय. त्या दिवसानंतर गावात त्याच्यापुढं कुणी डोकं दिलं नाय. आज माझी ऐंशी उलटली, तरी हे बोलायला जीभ रेटत नाय, म्हणून लिहितोय.