काही नसलेली गाठ

मी हातावरचा रुमाल सोडला तेव्हा सुनंदाने मान दुसरीकडे वळवली. उजव्या मनगटाच्या मागच्या बाजूला काळी खपली, मधे भोक आणि त्यातून येणारा पू. जखम कशाने झाली ते खरं तर विचारायची गरज नव्हती. सिंधुदुर्गात हाडांचा डॉक्टर म्हणून माझी हयात गेली. काजूच्या टरफलातलं तेल कातडी कशी जाळतं, ते इथे पोरासोरांनाही माहीत असतं.

"बियांचा तेल लायलंस?"

"होय, डॉक्टरानू."

"कित्याक?"

"त्येना चामखीळ जळता मा. मगे ही गाठ पण जळात म्हटलंय."

माझं डोकंच फिरलं. महिन्याभरापूर्वी ही बाई कसालच्या माझ्या दवाखान्यात याच खुर्चीत बसली होती. तेव्हा तिच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. म्हणजे गाठ होती, पण गँगलियन.

गँगलियन म्हणजे काय, ते सांगतो. सांध्यात वंगणासारखा एक चिकट द्रव असतो. सांध्याच्या किंवा टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या, आवरणाला कुठेतरी फुगवटा येतो, त्यात हा द्रव साठतो आणि जेलीसारखा घट्ट होतो. बहुतेकदा मनगटावर, कधी पावलावर, कधी बोटाच्या पेराशी. कॅन्सरशी त्याचा काडीचाही संबंध नाही. मी खोलीतला दिवा बंद करून तिच्या गाठीला टॉर्च लावून दाखवला होता. आत पाणी असलं की गाठ लालसर उजळते. सुनंदाची छान उजळली होती.

"काढून टाका मा," ती म्हणाली होती.

"दुखता?"

"नाय."

"बोटांक मुंग्या येतत?"

"नाय."

"मगे रवांदे. कधी कधी आपणहून जाता. सुयेन पाणी काढला तरी परत भरता. ऑपरेशन केला तरी परत येवक शकता. दुखाक लागली तर ये."

ती 'बरा' म्हणून उठली. दारात थांबून पुन्हा म्हणाली, "खरांच काय नाय?"

मी पुढच्या पेशंटचा एक्स-रे उजेडात धरला होता. "काय नाय गो. घराक जा."

सुनंदा काजू फॅक्टरीत कटिंगला. एका हाताने बी कटरमध्ये धरायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा, दिवसभर. टरफल फुटलं की तेल उडतं, म्हणून या बायका हातांना आधी खोबरेल आणि राख चोळून घेतात. ज्या तेलापासून तिने वर्षानुवर्षं हात जपले, त्याच तेलात चिंधी भिजवून तिने गाठीवर बांधून ठेवली. आग सहन केली आणि घरात कोणाला कळू दिलं नाही.

गँगलियनला देठ असतो आणि तो सांध्यापर्यंत गेलेला असतो. गाठ वरून जळून फुटली की जंतूंना आत जायला आयती वाट. सुनंदाचा सांधा पिकला होता. थिएटरमध्ये घेऊन तो धुतला, मग पुन्हा धुवावा लागला. मांडीची कातडी काढून मनगटावर लावली. राहिलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला पाठवला. जखम भरली. मनगट मात्र लाकडासारखं ताठ झालं. फिजिओ झाली, गरम मेणात शेक झाला, तरी वाकेना.

एकदा तिने स्वतःच्याच फोनवरून फॅक्टरीच्या मॅनेजरला लावून फोन माझ्या हातात दिला.

"डॉक्टर, कटरवर कधी बसू शकेल?"

"मनगट वाकत नाही."

"मग गर सोलायला?"

"तिथेही मनगट लागतंच."

"बरं. बघू आपण," तो म्हणाला. सुनंदा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फोन परत दिला आणि तिला म्हटलं, बघतो म्हणाले. याहून वाईट निरोप मी पेशंटना दिलेत, पण हा तिच्याकडे बघून देता आला नाही.

तपासणीचा रिपोर्ट आला. साधी गँगलियन. मी तो जरा रागातच वाचून दाखवला.

"बघ. मी तुका सांगलेलंय. काय नव्हता."

तिने डाव्या हाताने ताठ मनगट मांडीवर नीट ठेवलं.

"माझ्या आवशीक पण असांच सांगल्यानी, डॉक्टरानू. छातीत गाठ होती. काय नाय, घराक जा म्हणान. शिमग्याक दाखवल्यान, चवथीपर्यंत रवाक नाय ती."

मी रिपोर्टची घडी घातली. टॉर्च लावून दाखवला, सगळं समजावलं, निदानही बरोबर केलं. आणि शेवटी तिच्या आईला सांगितलेलं नेमकं तेच वाक्य म्हटलं. मला खूप वाईट वाटलं. अजून वाटतं.

आता कोणी गाठ दाखवायला आलं की टॉर्च काढायच्या आधी मी विचारतो, घरात आणखी कोणाला गाठ होती का? मग माणसं बोलत बसतात. बाहेर लाइन वाढते, कंपाउंडर दारातून डोकावून घड्याळ दाखवतो. दाखवू दे.

सुनंदाला यातलं काहीच कामाचं नाही. फॅक्टरीतून तिला बोलावणं आलेलं नाही. अधूनमधून दवाखान्यात येते, हात टेबलावर ठेवते, मी मनगट वाकवून बघतो. वाकत नाही. गाठ तेवढी परत आलेली नाही.