केसाएवढी मोकळीक

आखातात, दोहा शहरातल्या नेमबाजी क्लबात मी ड्रायव्हर होतो आणि तो टर्नर. सांगलीकडचा, माझ्याहून मोठा. स्पर्धेच्या रायफलींसाठी काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान तो लेथवर तासायचा. रायफलीत काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये तिला केसाहूनही कमी मोकळीक ठेवायची. "सैल झाली तर नेम जातो, घट्ट बसली तर माणूस," असं मोजताना तो पुटपुटायचा. एरवी फारसं बोलायचा नाही.

एका दुपारी त्यानं मला बोलावून एकच पुंगळी तीनदा मोजून दाखवली. तिन्ही आकडे वेगळे आले. मायक्रोमीटर धरलेली बोटं थरथरत होती.

"कुणाला कळणार नाही, दादा," मी म्हणालो.

"रायफलीला गाल लावून माणूस बसतो रे. फुटली तर?"

त्यानं आठवड्याचं सगळं काम भंगारात ओतलं आणि स्वतः जाऊन मॅनेजरला सांगितलं, "साब, मेरा हाथ गया." मॅनेजर एवढंच म्हणाला, "खलास."

चौथ्या दिवशी मीच त्याला विमानतळावर सोडलं. गाडीत तो म्हणाला, "दुसरं काही येत नाही मला." उतरताना सीटबेल्टचं बटण त्याला दाबता येईना. मी वाकून पट्टा सोडवला, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला.