तार न कापता

जगातली प्रत्येक वस्तू जशी आली तशीच राहिली पाहिजे, आणि कोणाच्या हातून ती चुकून बदललीच तर दिवस मावळायच्या आत पूर्ववत झाली पाहिजे, एवढ्या एकाच कामगिरीसाठी माझ्या साडूंचा जन्म झालेला आहे. त्यात राहायला मिळालं चौकसारखं गाव. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या या गावात रोज कोणाचा तरी ढाबा मोडून तिथे गॅरेज होतं आणि कोणाचं तरी गॅरेज मोडून ढाबा. साडूंच्या घराच्या भिंतीत मात्र आजतागायत एक खिळा गेलेला नाही. त्यांचं कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असतं, त्यामुळे वारा सुटला की आजची तिथी घरातल्यांच्या आधी रस्त्यावरच्यांना कळते. टपालाने आलेलं पाकीट ते फाडत नाहीत, चहाच्या वाफेवर धरून उघडतात. मिठाईच्या खोक्याची दोरी ते सोडवायला बसले की आम्ही पाहुणे पेढ्याचा नाद सोडून निघायची तयारी करतो. एकदा गावच्या वाचनालयाच्या उद्घाटनाला कोणीतरी त्यांना हौसेने प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. तबकातली कात्री त्यांनी बाजूला सारली, फितीची गाठ शांतपणे सोडवली, फीत घडी करून अध्यक्षांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला होईल." टाळ्या कधी वाजवायच्या हे शेवटपर्यंत कोणाला समजलं नाही. "मग केस बरे कापून घेता?" असं मी एकदा विचारलं होतं. "ते परत येतात," असा खुलासा झाला.

या माणसाकडे वडिलांच्या वेळची पांढरी अँबॅसिडर आहे. तिचा प्रत्येक स्क्रू मूळचा आहे आणि जो मूळचा नाही त्याचं नाव निघालं की साडूंचा चेहरा सुतक पडल्यासारखा होतो. बॉनेट उघडून कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा ते पाहुण्यांना दाखवतात, तेव्हा त्या तारांकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जे भाव असतात ते स्वतःच्या मुलीच्या लग्नातही मला दिसले नव्हते. ही गाडी चालवताना आत कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. इंजिन काय म्हणतं ते ऐकू आलं पाहिजे. मी एकदा मागे बसून शिंकलो, तर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि आधी बॉनेट उघडून पाहिलं, मग माझ्याकडे.

या मौनव्रताचा खरा जाच झाला तो माझ्या मोठ्या मेव्हणीला, म्हणजे ताईंना. दर रविवारी शेलूला आईकडे जायचं, चौक ते शेलू तोंड मिटून बसायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं. लग्न झाल्यापासून त्यांनी हे सोसलं. गेल्या वर्षी, मुलगी सासरी गेल्यावर, एका रविवारी त्या गाडीच्या दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. "अहो, घरात आता आपण दोघंच. तिथे तुम्ही वर्तमानपत्रात आणि इथे तुम्ही इंजिनात. या गाडीत गाणी लागतील तेव्हा मी बसेन," म्हणाल्या आणि नाक्यावर जाऊन कर्जतच्या शेअर रिक्षात बसल्या. पुढे कर्जतहून लोकल. मग दर रविवारी चौक-कर्जत रस्त्यावर एक देखावा दिसू लागला. पुढे ताईंची रिक्षा आणि मागे तिच्याच वेगाने रिकामी अँबॅसिडर. कर्जतला ताई लोकलमध्ये बसल्या की साडू रस्त्याने शेलू गाठून स्टेशनाबाहेर गाडीचं दार उघडून उभे. ताई शेजारून चालत आईकडे जायच्या. लोक हसत होते. साडू मात्र त्या दिवसांत खंगले. डाव्या बाजूची ती रिकामी जागा ते रोज फडक्याने पुसायचे, हे मी स्वतः पाहिलं आहे.

शेवटी ते स्टिरिओ घेऊन नाक्यावरच्या गाड्यांच्या वायरमनकडे गेले. सोबतीला मी. वायरमनने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "काका, अर्ध्या तासाचं काम हाय. ही तार कापायची, त्यात ही जोडायची, वर टेप मारायची. गाडीला कळनार पन नाय."

"गाडीला नाही कळणार. मला कळेल ना," साडू म्हणाले.

"मंग डॅशबोर्डला जरा भोक तरी पाडू द्या."

साडूंनी गाडी सुरू केली. वायरमन माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना घरी रेडिओच लावायला सांगा."

पुढचा सगळा उन्हाळा साडूंनी गाडीखाली, गाडीत आणि गाडीशेजारी काढला. बॅटरीपासून थेट वेगळी तार घेतली, तिला स्वतःचा फ्यूज दिला आणि मीटरची केबल ज्या रबरी बुचातून आत येते त्याच बुचातून तिलाही आत आणलं. अर्थिंगची तार आधीच असलेल्या एका बोल्टखाली बसवली. स्टिरिओसाठी सागाची पेटी केली आणि ती मूळच्याच स्क्रूंना टांगली. स्पीकर मागच्या काचेखाली, त्यांच्यासाठी शिवलेल्या खोळीत. मूळच्या तारांना ब्लेड तर सोडाच, नखही लागलं नाही. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "हे सगळं पुन्हा काढलं तर इथे काही होतं असं कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही." बसवण्यापेक्षा निघण्याचाच आनंद मोठा दिसत होता, पण तेव्हा मला त्यातला धोका समजला नाही.

रविवारी ताई खरोखरच आल्या. ठेवणीतली साडी नेसून, वर्षभराने, त्या पुढच्या सीटवर बसल्या. मागे मी आणि बायको. ताईंनी हात पुढे केला आणि हात तसाच राहिला. तिथे काहीच नव्हतं. पेटी नाही, तार नाही, खूण नाही. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी आदल्या दिवशी सगळं काढून पाहिलं होतं, आणि गाडी इतकी तंतोतंत पूर्ववत झाली होती की त्या समाधानात परत बसवायचं राहून गेलं होतं. स्टिरिओ घरी कपाटात होता.

"अगं, थांब, आत्ता आणतो," ते म्हणाले.

"असू दे," ताई म्हणाल्या. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. त्या उतरून नाक्याकडे निघाल्या. त्या दिवशी साडू रिक्षामागे गेले नाहीत. घरात जाऊन ते कामाला लागले.

पुढच्या रविवारी ताईंना गाडीत बसवायला माझ्या बायकोला आर्जवं करावी लागली. चौक सोडलं आणि गाणं लागलं. आवाज स्वच्छ होता. कर्जतपर्यंत ताई नुसत्या ऐकत होत्या, नेरळच्या आसपास हळूच गुणगुणायला लागल्या आणि पुढे चक्क मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या. सूर काही फार जागेवर नव्हता. साडू समोर रस्त्याकडे बघत होते. इंजिनाचं काय चाललंय हे त्या आवाजात ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

शेलू आलं. नव्या इमारतींच्या फाटकाशी सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी हसून हात वर केला. गाडी त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली.

"अहो, घर मागे राहिलं," मी म्हणालो.

"गाणं संपायचंय तिचं," साडू म्हणाले.

मागच्या काचेतून सासूबाईंचा वर केलेला हात बराच वेळ दिसत होता. माझ्या गाडीत कारखान्यातूनच बसवून आलेले चांगले स्पीकर आहेत, आणि तिच्यात आम्ही नवरा-बायको आपापले फोन बघत घरी वेळेवर पोचतो. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर. मला साडूंचा हेवा वाटला, अगदी मनापासून वाटला. वांगणीला त्यांनी गाडी वळवली तेव्हा दुसरं गाणं सुरू झालं होतं, आणि ते संपायच्या आत शेलू येऊ नये म्हणून साडू गाडी जितकी हळू चालवता येईल तितकी हळू चालवत होते.