समुद्राची ओटी

भरती-ओहोटी म्हणजे काय, हे मी पाचोडच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. फळ्यावर पृथ्वी काढायची, शेजारी चंद्र, मध्ये बाण. पोरं परीक्षेत ते बाण हमखास उलटे काढायची आणि मी रागवायचे. पण समुद्र मी तरी कुठं पाहिला होता? आमच्या सहली वेरूळ-पैठणच्या पुढं कधी गेल्या नाहीत. व्हिसासाठी मुंबईला गेले तेव्हा टॅक्सीतून एक करडी पट्टी दिसली होती, ती मी धरत नाही.

म्हणून मुलीच्या गावी, फ्रान्सच्या पार पश्चिमेला, जायचं ठरलं तेव्हा शहागंजच्या बाजारात जाऊन नारळ, खण, हळदीकुंकू घेतलं. मोठं पाणी पहिल्यांदा पाहिलं की त्याची ओटी भरायची, ही आमच्या घरची रीत. विमानातून नारळ कोण नेतं, असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी नेला. हे मागं थांबले, कारण नळाला पाणी येईल त्या दिवशी घरात कुणीतरी हवं.

खरं तर मी समुद्रासाठी गेलेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी मुलीनं तिथल्याच मुलाशी लग्न केलं. मला आधी विचारलं नाही म्हणून मी लग्नाला गेले नाही. हे एकटे जाऊन आले. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा आणि आम्ही दोघी हवामानावर बोलायचो. माझं चुकलं, एवढंच मला तिला सांगायचं होतं. पंधरा दिवसांचा मुक्काम, त्यातले सहा दिवस मी ते गिळून बसले.

गाव अगदी लहान. करड्या दगडाची घरं, निळ्या खिडक्या, एक चर्च, एक पावाचं दुकान. विहीणबाई माझ्याच वयाच्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि आवाज थेट मुख्याध्यापिकेचा. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. बोलणं सगळं मुलीमार्फत. लग्नाला का आला नाहीत, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, त्यामुळं मला जास्तच ओशाळल्यासारखं व्हायचं.

सहा दिवस पावसानं घरातच गेले. सातव्या दिवशी उघडीप झाली तशी सकाळी साडी नेसून, पिशवीत ओटीचं सामान घेऊन मी किनाऱ्यावर गेले. समुद्र जागेवर नव्हता. नजर जाईल तिथवर ओला चिखल, त्यात होड्या कुशीवर पडलेल्या. लांब एका बेटावर दगडी प्रार्थनाघर होतं आणि माणसं तिकडं चक्क चालत निघाली होती. भूगोलाची बाई ओहोटी विसरून हातात नारळ घेऊन उभी. मुलगी पोट धरून हसली. दोन वर्षांत तिचं ते हसू मी ऐकलं नव्हतं.

तिनं मला पावाच्या दुकानाच्या दारावरचा कागद दाखवला. कोणत्या दिवशी किती वाजता पाणी येणार, किती वाजता जाणार, सगळं छापलेलं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडं नळाला पाणी कधी येणार हे विचारत गल्ली फिरते. इथं अख्ख्या समुद्राची पाळी लावलेली. फरक इतकाच की इथं पाणी कागदावर लिहिल्याप्रमाणं येतं.

मग विहीणबाई आम्हाला चालत बेटावर घेऊन गेल्या. वाटेत चिखलात रोवलेल्या खांबांच्या रांगा होत्या, त्यांना काळे शिंपले लगडलेले. ही आमची शेती, असं त्यांनी सांगितलं. बेटाच्या खडकावर पाण्याची काळी रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मी तिच्याकडं मान वर करून बघतच राहिले. मला अजून थांबायचं होतं, पण विहीणबाईंनी घड्याळ पाहिलं आणि आम्हाला परत फिरवलं. पाणी सहा तासांत हळूहळू चढतं, असं मी ऐकवलं. मुलीनं त्याचं भाषांतर केलं नाही.

किनाऱ्याच्या दगडी बांधावर चढून आम्ही थोडा वेळ बसलो, आणि ते आलं. लाटा नाहीत, गर्जना नाही. रानात पाटाचं पाणी सुटतं तसं, आधी चरांतून, मग चर सोडून, चहूकडून. आमच्या पावलांच्या खुणा एकामागून एक भरत गेल्या. शिंपल्यांची शेती बुडाली. कुशीवरच्या होड्या हलल्या, सरळ झाल्या, तरंगल्या. थोड्या वेळापूर्वी मी जिथून चालत आले होते तिथं आता समुद्र होता आणि अजून येतच होता. माझ्या अंगावर काटा आला. हे दिवसातून दोनदा होतं, कुणी बघो न बघो, आणि मी ते बाणात दाखवत होते. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

बांधाच्या पायऱ्या उतरून मी ओटी भरली. हळदीकुंकू वाहिलं, खण, तांदूळ, नारळ सोडला, हात जोडले. मुलगी वरच्या पायरीवर उभी होती.

"समुद्राची लगेच भरलीस, आई," ती म्हणाली. "माझी राहिली."

पिशवी रिकामी झाली होती. नारळ बांधाच्या कडेकडेनं केव्हाच लांब वाहत गेला होता.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुझ्या लग्नाला यायला पाहिजे होतं मी."

बोटांना उरलेलं हळदीकुंकू मी तिच्या कपाळाला लावलं. बांधावर विहीणबाई बसल्या होत्या, शेजारी त्यांनी सकाळीच आणून ठेवलेली, त्यांच्या बागेतल्या सफरचंदांची टोपली. मी टोपलीकडं हात पुढं केला. त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडं पाहिलं, काही न विचारता खाली आल्या आणि टोपली माझ्याजवळ ठेवली. मुलीनं जाकिटाचं टोक दोन्ही हातांनी पसरलं. मी एक सफरचंद घातलं आणि तिथंच थांबले.

"पाच लागतात, आई," ती म्हणाली.

मी मोजायला लागले. तिसऱ्यानंतर मला काही दिसेना, उरलेली दोन तिनंच मोजली.