येथे मांजर पडले

माझा भाऊ तेव्हा दुबईला नोकरीला होता. एका सुट्टीत येताना त्याने माझ्या मुलीसाठी जुन्या कार्टूनची एक व्हिडिओ टेप आणली. उंदीर, मांजर आणि एक कुत्रा यांची पाऊण तास मारामारी. आमच्याकडे टीव्ही होता, पण व्हीसीआर नव्हता. त्यामुळे टेप कपाटात साड्यांखाली पडून राहिली आणि मुलगी अधूनमधून तिचं कव्हर काढून बघायची.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही सोलापूरहून बंगलोरला आलो होतो आणि जयनगरात राहत होतो. रविवारी सकाळी मी मराठी मंडळात मुलांना बाराखडी शिकवायची. त्यामुळे गणेशोत्सवातल्या ‘बालगोपाळांची संध्याकाळ’ या कार्यक्रमाची जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. मी ती टेप दाखवू या म्हटलं. इथूनच सगळं सुरू झालं.

मंडळाचे अध्यक्ष अण्णा यांचं राजाजीनगरात साड्यांचं दुकान होतं. त्यांचं घराणं चार पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलेलं होतं की कुठे शिवण आहे ते कळायचं नाही. ते म्हणाले, “सरी, ठीक आहे, दाखवू. पण आधी आपण स्वल्प बघून घेऊ. पोरांचा प्रश्न आहे, अक्का.” ते वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते, तरी मला अक्काच म्हणायचे.

तपासणीसाठी त्यांनी, मंडळात सगळे ज्यांना काका म्हणायचे, त्यांना बोलावलं. काका एका मशीनच्या कारखान्यात तपासणी विभागातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: समोर आलेला भाग पास की नापास, हे सांगायचं. निवृत्तीनंतर समोर भाग येणं बंद झालं होतं. टेपचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

आम्ही तिघं काकांच्या बैठकीत बसलो. काकांनी फूटपट्टीने तक्ता आखून ठेवला होता: अनुक्रमांक, व्हीसीआरवरच्या काउंटरचा आकडा, दृश्याचे वर्णन, शेरा. टेप सुरू झाली आणि दुसऱ्याच मिनिटाला मांजराने उंदराच्या डोक्यात तवा घातला.

“थांबवा!” अण्णा ओरडले. “गणपतीच्या मांडवात उंदराला मारायचं? साक्षात वाहन आहे हो ते!”

काकांनी लिहिलं, ‘वाहनास मारहाण. नामंजूर.’

पुढे उंदराने मांजराच्या शेपटीवर हातोडा मारला. मी म्हटलं, “हे चालेल. वाहनच जिंकतंय.”

अण्णांनी मान हलवली. “मांजर मारलं तर काशीला जावं लागतं. पोरांना काय शिकवणार आपण?”

तेही गेलं. कुत्र्याच्या तोंडात सिगार होती, ती गेली. कचऱ्याच्या डब्यातून माशाचा काटा निघाला, तोही, श्रावण संपलाय की नाही यावर दहा मिनिटं वाद झाल्यावर, गेला. एका ठिकाणी चित्र एकदम उडी मारायचं. एक मांजरी पापण्या फडफडवत येते, खटकन उडी, आणि मांजर डोळे गरगरवत जमिनीवर बसलेलं. कुणीतरी, बहुधा दुबईतच, आमच्याआधी तिथे कात्री चालवली होती. काका अस्वस्थ झाले. तीनदा टेप मागे घेऊन बघितली.

“मधे काय होतं हे कळल्याशिवाय मी शेरा कसा देऊ?” ते म्हणाले.

“जे होतं ते गेलं ना, काका,” मी म्हटलं.

“कोणी काढलं? कोणत्या निकषावर?”

शेवटी त्यांनी लिहिलं, ‘अनुपस्थित दृश्य. आक्षेपार्ह असावे.’ आणि त्याच्या आजूबाजूचंही कापायचं ठरवलं.

टेपच्या शेवटी बारुदाचा डबा फुटतो. धूर निवळतो तेव्हा मांजराचं तोंड काळं कुळकुळीत झालेलं असतं. ओठ फुगलेले, डोक्यावर उभ्या राहिलेल्या वेण्या, त्यांना फिती. ते खुळ्यासारखं नाचतं, बाकीचे प्राणी पोट धरून लोळतात. अण्णा खो खो हसले. काकाही हसले. मीसुद्धा हसले. लहानपणी सोलापूरला मॅटिनीच्या आधी असंच काहीतरी दाखवायचे आणि अख्खं थिएटर हसायचं, ते मला आठवलं. काकांनी शेरा लिहिला, ‘काजळी. निरुपद्रवी. मंजूर.’

मग अण्णांचा व्हीसीआर काकांच्या व्हीसीआरला जोडून दोन दिवसांत नवी टेप तयार झाली. पाऊण तासातली सतरा मिनिटं उरली होती.

कार्यक्रमाला साठ-सत्तर मुलं आली. माझी मुलगी पुढच्या रांगेत, शाळेच्याच दोन वेण्या आणि लाल फिती, तिला त्या फार आवडायच्या. दिवे मालवले. थिएटरच्या पडद्याकडे बघावं तितक्याच कौतुकाने सगळे टीव्हीकडे बघायला लागले. मांजर आलं. मांजर गेलं. उंदीर आला. मग एकाएकी मांजराच्या डोक्याला पट्टी आणि हातात कुबडी.

“मांजराला काय झालं?” मागून एक पोरगा ओरडला.

“सिनेमा खराब आहे!” दुसरा म्हणाला.

काकांना हा आरोप सहन झाला नाही. त्यांनी उठून आरतीचा माइक घेतला, खिशातून तक्ता काढला आणि गंभीरपणे जाहीर केलं, “येथे मांजर पडले.”

हॉलमध्ये हशा उसळला. मुलं बाकांवरून घसरली. काकांना वाटलं आपलं स्पष्टीकरण उपयोगी पडतंय, म्हणून त्यांनी पुढचं प्रत्येक कापलेलं दृश्य वाचून दाखवलं. “येथे वाहनास तवा लागला.” “येथे कुत्रा धूम्रपान करीत होता, ते आपण पाहायचे नाही.” “येथे काय होते ते समितीलाही माहीत नाही.” जे जे आम्ही मुलांपासून लपवलं होतं, ते सगळं त्यांना माइकवरून मिळालं. अण्णा माझ्या कानाशी आले. “अक्का, हे बंद करा.” पण इतकी हसणारी मुलं मी मंडळात कधी बघितली नव्हती.

मग ते मंजूर दृश्य आलं. डबा फुटला, काळं तोंड, वेण्या, फिती. मुलं हसली आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलाने माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. “ए, तूच की गं!” दोन-चार जणांनी वळून बघितलं. एकाने तिची वेणी धरून वर उभी केली. माझी मुलगी माझ्यासारखी सावळी नाही. माझ्या सासूबाईंसारखी चांगली काळी आहे.

ती रडली नाही. प्रसादाची वाटी तिने संपवली. घरी जाताना रिक्षात मात्र म्हणाली, “आई, ते मांजर इतक्या वेळा पडलं, तेव्हा काका सांगत होते म्हणून सगळे हसले. शेवटी कशाला हसले?”

“त्याचं तोंड काळं झालं म्हणून,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

“त्यात काय?”

त्या रविवारी तिला अंघोळीआधी लावायचं बेसन-हळदीचं उटणं मी काढलं नाही. ते मी कशासाठी लावत होते, हे तिने अजून विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी राजाजीनगरच्या मुलांसाठी तीच टेप दाखवायची होती. मी मुलीला घेऊन काकांकडे गेले. अण्णाही होते. मी म्हटलं, “ते शेवटचं दृश्य काढून टाका.”

काका गोंधळले. “पास झालेला माल नापास करायचा म्हणजे कारण लागतं.”

“काजळी आहे हो, अक्का,” अण्णा समजूत घालत म्हणाले. “धुतली की जाते.”

“माझी जात नाही,” मुलगी म्हणाली.

अण्णांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तक्ता उघडून पेन काढलं. “काढतो, बाळ.”

“नको,” ती म्हणाली. “काढलं की तुम्ही माइकवर सांगाल, येथे मांजराचे तोंड काळे झाले. मग सगळे आणखी हसतील.”

काका विचारात पडले. तर्क बिनतोड होता. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “मग मी काहीतरी बोलतो,” ते म्हणाले.

शनिवारी राजाजीनगरच्या हॉलमध्ये त्यांनी बरोबर त्या जागी टेप थांबवली. मांजराचं काळं तोंड पडद्यावर थरथरत राहिलं, मधून पांढऱ्या रेघा जात होत्या. काका माइकसमोर उभे राहिले. “मुलांनो, बारूद जळल्यावर जमते ती काजळी. ती धुता येते. माणसाचा रंग वेगळा. तो धुता येत नाही. धुण्याचे कारणही नाही. ज्याने हे चित्र काढले त्याला हा फरक कळला नव्हता. आम्ही समितीने ते पास केले. आम्हालाही कळला नव्हता.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ते काजळीच्या प्रकारांवर गेले, मग इंजिनातल्या कार्बनवर, मग साबणावर. मुलं जांभया द्यायला लागली. एकाने विचारलं, “मांजर मूळचं कुठल्या रंगाचं होतं?” काकांनी तक्ता चाळला. ती नोंद नव्हती. “राखाडी असावे,” ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. कुणी हसलं नाही. पण ते पटून, की कंटाळून, हे मी आजही सांगू शकत नाही.

विसर्जनानंतर एका दुपारी काकांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं. मूळ टेप लावली, आमची कात्री न लागलेली. तक्ता समोर नव्हता. तव्याचा पहिला फटका बसला आणि काका असे हसले की त्यांना ठसका लागला. मुलगी त्यांच्या पाठीवर थोपटत हसत होती. हातोडा, सिगार, माशाचा काटा, सगळं झालं. बारुदाचा डबा आला तेव्हा काकांचा हात रिमोटकडे गेला.

“राहू दे,” ती म्हणाली. तिने ते सगळं शेवटपर्यंत बघितलं, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. मग म्हणाली, “आता तो तवा परत लावा.”